सिबिल खराब आहे आणि गाडी हवी आहे

शोरूममध्ये कोटेशन हातात पडेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग फायनान्सचा माणूस पॅन नंबर घेऊन आत जातो आणि पाच मिनिटांनी येऊन म्हणतो, "साहेब, सिबिल कमी दाखवतंय. करून देतो, पण रेट थोडा जास्त लागेल." त्या 'थोड्या'ची किंमत लाख-दीड लाखात असू शकते आणि तिथे उभ्या उभ्या ती कोणी सांगत नाही. म्हणून शोरूमची पायरी चढण्याआधी करायची कामं इथे लिहितो आहे. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा स्कोर, खराब असलेल्या माणसालाही कर्ज मिळतं. ते किती महाग पडणार हे मात्र बऱ्याच अंशी आधीच्या सहा महिन्यांत ठरतं.

रिपोर्ट आधी, गाडी नंतर

भारतात लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या, म्हणजे क्रेडिट ब्युरो, आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. दर वर्षी एक पूर्ण रिपोर्ट फुकट देणं रिझर्व्ह बँकेने चौघांनाही बंधनकारक केलं आहे. तो त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. मोबाइल ॲपमध्ये बहुतेक वेळा नुसता आकडा आणि खाली कर्जाच्या जाहिराती दिसतात, खात्यांचा तपशील सापडत नाही. आपणच आपला रिपोर्ट बघितल्याने स्कोर घटत नाही. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने कर्जासाठी तपासला की मात्र 'चौकशी' म्हणून नोंद होते.

स्कोर ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५०च्या वर असेल तर दार उघडं, ६५०च्या खाली गेला की बहुतेक बँका नकार देतात. पण त्या आकड्याकडे बघत बसून हाती काही लागत नाही. खाली उतरा आणि खात्यांची यादी वाचा. प्रत्येक खात्यासमोर शिल्लक, थकीत रक्कम, शेवटचा भरणा, खात्याची स्थिती आणि मागच्या ३६ महिन्यांची एक पट्टी असते. त्या पट्टीत ००० म्हणजे हप्ता वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. ९० दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत (अनुत्पादक) कर्ज होतं. एक्सएक्सएक्स दिसलं तर घाबरू नका, त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

आता शोधायचं ते हे, की स्कोर नेमका कोणत्या ओळीमुळे पडला. 'सिबिल खराब' या दोन शब्दांखाली वेगवेगळी प्रकरणं असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं.

सगळ्यात सोपं प्रकरण म्हणजे चुकीची नोंद. फेडून झालेलं कर्ज अजून चालू दिसतं, नावात साम्य असलेल्या दुसऱ्या माणसाचं कर्ज आपल्या नावावर चढलेलं असतं, किंवा बँकेने थकीत कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे अशी कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकलं आणि ते दोघांकडेही उभं दिसतं. ब्युरोच्या संकेतस्थळावर तक्रार टाका आणि त्याच दिवशी त्या बँकेलाही लेखी कळवा. बँकेला उत्तर द्यायला २१ दिवस आणि एकूण निकालाला ३० दिवस मिळतात. त्यापुढे गेलं तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे आणि फार थोडे लोक तो वापरतात. तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, भरपाईचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

दुसरं प्रकरण विसरलेल्या थकबाकीचं. वापरातच नसलेल्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी, ॲपवरून हप्त्याने घेतलेल्या मोबाइलचा शेवटचा हप्ता. रक्कम पाचशे-हजाराची, पण महिनोनमहिने थकीत दिसते आणि मोठ्या थकबाकीइतकंच नुकसान करते. भरून टाका, ना-देय प्रमाणपत्र घ्या आणि कार्ड नको असेल तर ते बंद करायला लेखी सांगा. थकबाकी नसेल तर कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड बसतो.

तिसरं प्रकरण सेटलमेंटचं, आणि त्यावर थोडं थांबायला हवं, कारण यात लोक सगळ्यात जास्त फसतात. कार्डाचे ८०,००० थकले, वसुलीवाल्याने "३५,००० भरा, विषय संपवा" म्हटलं आणि माणसाने सुटकेचा श्वास सोडला. रिपोर्टमध्ये त्या खात्यासमोर 'सेटल्ड' लिहिलं जातं. पुढचा देणारा त्याचा अर्थ एवढाच घेतो, की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. 'रिटन ऑफ' त्याहून वाईट. त्यात बँकेने कर्ज बुडीत धरलेलं असतं आणि देणं मात्र तसंच उभं असतं. यावर उपाय आहे. त्या बँकेला पत्र लिहा, की सोडलेली उरलेली रक्कम भरायची तयारी आहे, त्या बदल्यात खातं 'क्लोज्ड' असं कळवाल हे लेखी द्या. पत्र हातात आल्यावर पैसे भरा, आधी नाही. दंड आणि व्याजावर घासाघीस करायला हरकत नाही, मुद्दल मात्र पूर्ण भरा. मागच्या महिन्यांचे उशीर पट्टीत राहतीलच, पण 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' या दोन शब्दांत एका मंजुरीचं अंतर असतं.

ग्रामीण भागात हाच गुंता पीककर्जाचा होतो. कर्जमाफीत किंवा एकरकमी परतफेडीत खातं मिटलेलं असतं, पण बँकेने ब्युरोला कळवलेलं नसतं. बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्या आणि तो जोडून दुरुस्ती मागा. जामीनदारांनीही रिपोर्ट बघावाच. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला तुम्ही सही केली असेल तर त्याचे चुकलेले हप्ते तुमच्या रिपोर्टात येतात.

ज्यांनी कधी कर्जच घेतलं नाही त्यांचा स्कोर खराब नसतो, मुळात स्कोरच नसतो. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. तरीही हातात काही असावं म्हणून २०-२५ हजारांची मुदत ठेव करून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या. मर्यादा ठेवीच्या ८०-९० टक्के मिळते. त्यातलं ३० टक्क्यांच्या आत वापरायचं, महिन्याचं पेट्रोल पुरे, आणि बिल पूर्ण भरायचं, किमान रक्कम नव्हे. साधारण सहा महिन्यांत स्कोर तयार होतो. स्कोर पडलेल्यांनाही हीच युक्ती लागू पडते, फक्त वेळ जास्त लागतो. जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान पंधरवड्याला माहिती ब्युरोला पाठवायची असल्याने सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

"पैसे द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही, आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करून घेऊ शकता.

स्कोरशिवाय काय बघतात

बँक स्टेटमेंट. सहा महिन्यांचं, काही ठिकाणी वर्षाचं. त्यात एनएसीएच, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, पैशाअभावी परत गेल्याच्या (बाउन्सच्या) ओळी असतील तर जुना इतिहास बाजूला राहतो आणि ताज्या बाउन्सवरच बोट ठेवलं जातं. उलट जुना स्कोर वाईट आणि मागचं वर्ष स्वच्छ असेल, खात्यात महिन्याच्या कोणत्याही तारखेला चार पैसे शिल्लक असतील, तर फायनान्स कंपनीचा क्रेडिट मॅनेजर अपवाद करायला तयार होतो. धंदेवाल्यांनी रोखीची रक्कम खिशात न ठेवता खात्यात भरायची सवय सहा महिने आधी लावावी, आणि दोन वर्षांचं आयकर विवरणपत्र भरलेलं असावं. सगळे हप्ते, नवा धरून, हातात येणाऱ्या पगाराच्या ४०-५० टक्क्यांच्या आत असावेत हा सगळीकडचा ढोबळ निकष. त्यामुळे दोन-तीन हप्ते उरलेलं एखादं छोटं कर्ज असेल तर ते आधी मिटवा. तेवढ्याने जागा होते.

पत्त्यावर माणूस येऊन बघून जातो. घर भाड्याचं असेल तर नोंदणीकृत भाडेकरार आणि वीजबिल तयार ठेवा. फोन न उचलल्यामुळे किंवा दार बंद असल्यामुळेही फाइल 'निगेटिव्ह' होते.

आकडे मांडून बघा

पाच लाखांचं कर्ज, पाच वर्षं. ९ टक्क्यांनी हप्ता १०,३७९ आणि एकूण व्याज सुमारे १ लाख २३ हजार. १६ टक्क्यांनी हप्ता १२,१५९ आणि व्याज सुमारे २ लाख ३० हजार. महिन्याला १,७८० रुपयांचा फरक कोणालाही पेलवेल असा वाटतो. पाच वर्षांत तो १ लाख ७ हजार होतो.

म्हणून शोरूममध्ये हप्ता कमी करायला मुदत वाढवून देतात. सात वर्षं! खरा धोका इथे आहे. समजा, सहा लाखांची गाडी आणि तिच्यावर ५ लाख ४० हजारांचं कर्ज १६ टक्क्यांनी. सात वर्षांत हप्ता १०,७२५ बसतो आणि पहिल्या हप्त्यातले ७,२०० निव्वळ व्याजात जातात. तीन वर्षं इमानेइतबारे भरल्यावरही ३ लाख ७८ हजार देणं उरतं. विम्यात त्या वयाच्या गाडीला ४० टक्के घसारा धरतात, म्हणजे गाडीची विमा किंमत ३ लाख ६० हजार. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विम्याचे सगळे पैसे फायनान्स कंपनीकडे जातात, गाडी गेलेली असते आणि वर १८ हजार खिशातून भरायचे असतात. तेच कर्ज पाच वर्षांचं असेल तर हप्ता १३,१३२ येतो, पण तीन वर्षांनी देणं फक्त २ लाख ६८ हजार उरतं आणि एकूण व्याजात १ लाख १३ हजार वाचतात.

पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर गाडी खालच्या किमतीची घ्या किंवा डाउन पेमेंट वाढवा. खराब सिबिलवाल्याने निदान २५-३० टक्के स्वतःचे घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दरात घासाघीस करायला तोच एक जोर हाती असतो. आणि कोटेशन बघताना हे लक्षात असू द्या, की कर्जाची टक्केवारी बहुधा एक्स-शोरूम किमतीवर धरतात. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, शिवाय विमा आणि नोंदणी, हे सगळं रोखीने द्यावं लागतं. डाउन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढू नका, दोन्ही हप्ते एकाच पगारावर येतात.

मागायचं कोणाकडे

क्रम असा ठेवा. ज्या बँकेत पगार जमा होतो ती पहिली, कारण तुमचा पैसा कसा येतो-जातो हे तिला दिसतं. मग नोकरीच्या ठिकाणची पगारदार पतसंस्था: हप्ता पगारातूनच कापला जातो, म्हणून तिथे स्कोरला फार वजन नसतं आणि दर बऱ्याचदा फायनान्स कंपनीपेक्षा बरा असतो. मग जिथे घरचे सभासद आहेत अशी नागरी सहकारी बँक. वाहन फायनान्स कंपन्या सगळ्यात शेवटी.

गाडी जुनी आणि गरज दोन-अडीच लाखांची असेल, घरात सोनं असेल, तर बँकेच्या सोनेतारण कर्जाचा दर विचारा. तिथे स्कोरपेक्षा तारण बोलतं आणि जुन्या गाडीच्या कर्जापेक्षा ते बऱ्याचदा स्वस्त पडतं. आरसीवर बोजाही चढत नाही. फक्त ते हप्त्याने फेडायचं घ्या. वर्षाअखेर एकरकमी फेडायचं घेतलं तर त्या दिवशी पैसे उभे राहत नाहीत आणि दागिने लिलावात जातात.

शोरूमच्या माणसाला बजावून सांगा, की मला विचारल्याशिवाय फाइल कुठेही टाकायची नाही. तो एकाच दिवशी चार-पाच कंपन्यांकडे अर्ज टाकतो, तितक्या चौकश्या रिपोर्टात चढतात, आणि पाचवी कंपनी पहिल्या चार चौकश्या बघून नकार देते. रिपोर्ट कोणी उघडला की ब्युरोने एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असतो, म्हणून मोबाइल नंबर तिथे अद्ययावत ठेवा.

या दोन वाटांनी जाऊ नका

पहिली, भावाच्या किंवा मित्राच्या नावावर गाडी घेणं. हप्ता चुकला तर त्याचं सिबिल जातं. अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकावर येते, गाडी कोणाच्या ताब्यात होती याने ती टळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात हेच सांगितलं आहे. त्यापेक्षा चांगला स्कोर असलेल्या पत्नीला, पतीला किंवा वडिलांना उघडपणे सहकर्जदार करा.

दुसरी, चालू लोनवरची गाडी स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेणं. "दीड लाख रोख द्या, उरलेले हप्ते तुम्ही भरा." फायनान्स कंपनीच्या संमतीशिवाय मालकी बदलत नाही. तुम्ही तीन वर्षं हप्ते भराल, कर्जखातं आणि आरसी त्याच्याच नावावर राहील, त्याचं दुसरं कर्ज थकलं तर कंपनी ना-हरकत अडवेल, आणि तुमच्या भरलेल्या एकाही हप्त्याने तुमचा स्कोर सुधारणार नाही.

सही करताना

ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं सक्तीचं आहे, तेही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. मराठीत मागा. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे प्रोसेसिंग फी वगैरे धरून कर्जाचा खरा दर, एका ठिकाणी लिहिलेला असतो. दोन कंपन्यांची तुलना फक्त त्याच आकड्यावरून करा. जुन्या गाड्यांच्या बाजारात अजून 'फ्लॅट' दर सांगतात, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. चार लाख, चार वर्षं, फ्लॅट १० टक्के म्हणजे १ लाख ६० हजार व्याज, हप्ता ११,६६७. घटत्या शिलकीवर हाच दर साडेसतरा टक्क्यांच्या वर जातो.

कर्जात मिसळलेलं जीवन विमा कवच, एक्स्टेंडेड वॉरंटी, ॲक्सेसरीज, ॲडव्हान्स हप्ता, हे सगळं ओळीओळीने वाचा आणि नको ते काढायला लावा. मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा आकार (शुल्क) बघा. वाहनकर्ज बहुतेक स्थिर दराचं असतं, त्यावर तो घेता येतो. वर्ष-दीड वर्ष हप्ते चोख गेले की कमी दराच्या बँकेकडे कर्ज हलवणं हा तुमचा पुढचा बेत असायला हवा, आणि हा आकार जबर असेल तर तो बेत तिथेच अडतो. मालकी बदलाचे फॉर्म २९, ३० कोरे सही करून मागितले तर प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. हप्त्याची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांनी मागून घ्या. ५ तारखेचा हप्ता आणि ७ तारखेचा पगार एवढ्या कारणाने वर्षभर बाउन्स होणारी खाती असतात. दर बाउन्सला कंपनीचा आणि आपल्या बँकेचा, दोन्हीकडचा दंड लागतो.

जुनी गाडी घेत असाल तर पैसे देण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा बोजा, विमा आणि चलनं तपासा. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बोजा असेल तर तो उतरवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाका, व्यवहार नंतर.

हप्ता अडकला तर

गप्प बसू नका. तीस दिवसांच्या आत कंपनीत जाऊन लेखी द्या, कारण सांगा, हप्त्यांची फेरमांडणी मागा. ९० दिवसांनंतर त्यांचे हात बांधले जातात. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात करता येतात. दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून तिच्यावर व्याज लावता येत नाही. गाडी ओढायची तर करारात लिहिल्याप्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते आणि विकण्याआधी पैसे भरण्याची शेवटची संधी द्यावी लागते. रस्त्यात अडवून, गुंड आणून गाडी नेण्याला सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच खडसावलं आहे. असं झालं तर पोलिसात लेखी तक्रार द्या आणि कंपनीलाही लिहा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, १४४४८ वर माहिती मिळते. गाडी स्वतःहून यार्डात नेऊन दिली म्हणून कर्ज संपत नाही. लिलावात कमी पैसे आले तर फरक तुमच्याच नावावर राहतो. परवडतच नसेल तर कंपनीकडून फोरक्लोजर पत्र, म्हणजे कर्ज मिटवायला किती भरायचे ते सांगणारं पत्र, घेऊन, तिच्या संमतीने स्वतः गिऱ्हाईक शोधा. लिलावापेक्षा किंमत बरी येते.

आणि सगळे हप्ते फिटले की ना-हरकत पत्र आणि कंपनीने सही-शिक्का केलेला, बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ दोन प्रतींत घ्या. ना-हरकत पत्राची मुदत साधारण तीन महिन्यांची असते, तेवढ्यात आरटीओकडून आरसीवरचा बोजा उतरवा, विमा कंपनीला पॉलिसीतलं फायनान्सरचं नाव काढायला सांगा आणि महिन्याभराने पुन्हा एकदा रिपोर्ट काढून ते खातं 'क्लोज्ड' दिसतंय ना, हे बघा.